सुराला कुलूप

गाण्याला कुलूप लावण्याची विद्या यंत्रयुगाने शोधून काढली, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. यंत्रे येण्यापूर्वीच ही विद्या आपल्याकडे चांगली रुजली होती, आणि तिची फळेही आपल्या पूर्वजांनी चाखली होती. जुन्या गवयांविषयी असे सांगतात की, मैफलीत परक्या घराण्याचा कोणी जाणकार बसलेला दिसला की खांसाहेब चिजेचे बोल मुद्दाम चावून म्हणत, अंतरा गाळत, किंवा ठेवणीतली चीज बाजूस सारून दुसरीच एखादी काढीत. मुलीच्या लग्नात हुंड्यादाखल चिजा दिल्याच्याही कथा आहेत. म्हणजे चीज ही इस्टेट होती, आणि इस्टेट म्हटली की तिला कुलूप आलेच. परंतु हे कुलूप कोठे लावलेले होते ते पाहा. ते पेटीला नव्हते की दाराला नव्हते. ते खुद्द गाण्याच्या आत घातलेले होते. बोल अस्पष्ट झाले ते एका चोरासाठी, पण तसे ऐकावे मात्र लागले साऱ्या मैफलीला.

गेल्या चाळीस वर्षांत आपल्या घरातल्या ध्वनियंत्रांत जी कुलपे बसवण्यात आली, त्यांचा इतिहास मला या मैफलीहून फारसा वेगळा वाटत नाही. तोच मी येथे सांगणार आहे. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबऱ्या लिहिणे आणि जामसरच्या मुलांना शिकवणे हा माझा उद्योग. तेव्हा यंत्रांच्या पोटातले बारकावे मला उमगले तेवढेच सांगेन. पण कुलूप, चोर आणि धनी यांचा संबंध समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

आधी त्या जुन्या कुलपांचे काय झाले ते पाहू. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी या कुलपांच्या किल्ल्या गोळा करण्यात आपली हयात घालवली. गावोगाव हिंडून त्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या. जयपूरच्या महंमद अली खां कोठीवाल यांच्या घराण्यातल्या चिजा तर त्यांनी फोनोग्राफवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्यांनी हे धन स्वरलिपीसह छापून मोकळे केले. त्यावरून वादंग माजले. स्वरलिपीत गाणे मावत नाही हा आक्षेप तेव्हा होता, आजही आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. पण जे छापले गेले ते आज शाळकरी मुलांच्या तोंडी आहे. उलट कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खां (१८५५–१९४६) यांची गोष्ट पाहा. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, त्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षे खांसाहेब हयात होते. तरी त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांचे गाणे उरले ते शिष्यांच्या गळ्यात.

तबकडीच्या काळात कंपन्यांना निराळ्या कुलपाची गरज नव्हती. तबकडी घरी छापता येत नसे. तिला कारखाना लागे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि घरोघर नक्कल होऊ लागली. आमच्या पिढीने कॅसेटचा काळ पुरेपूर उपभोगला आहे. एकाने विकत घ्यावी, दहा जणांनी उतरवून घ्यावी, बाजारात तर नकली कॅसेटांचे ढीग पडावेत, असा तो काळ होता. परंतु त्यात निसर्गाने स्वतःच एक कुलूप घातलेले होते. कॅसेटवरून कॅसेट काढली की सूं-सूं वाढे आणि वरचे सूर बोथट होत. तिसऱ्या-चौथ्या नकलेत तर तबल्याची चाट कोणती आणि टाळी कोणती हे ओळखणे कठीण व्हावे. या कुलपात एक प्रकारचा न्याय होता. उणेपणा नकलेला येई; मूळ वस्तू पैसे देऊन घेणाऱ्याच्या घरी गाणे शाबूत राही.

डिजिटल, म्हणजे अंकरूप ध्वनीने हा न्याय उलटा केला. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची सीडी बाजारात आली. वर्गातल्या मुलांना मी ती अशी समजावून सांगतो: टेकडीचा चढउतार कागदावर उतरवायचा असेल तर ठरावीक अंतरावर काठी रोवून तिथली उंची मांडून ठेवावी. काठ्या जितक्या जवळजवळ आणि मोजपट्टी जितकी बारीक, तितकी टेकडी हुबेहूब. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजलेली असते, आणि मोजपट्टीवर ६५,५३६ रेघा असतात. यांत्रिक भाषेत तिला १६ बिटांची मोजपट्टी म्हणतात. आता गाणे म्हणजे आकड्यांची यादी झाली. आणि यादीची नक्कल कितीही वेळा केली तरी सात सातच राहतात. हजारावी नक्कलही पहिल्या प्रतीइतकीच चोख. निसर्गाचे कुलूप गळून पडले, आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांची झोप उडाली.

१९८७ साली जपानी कंपन्यांनी डॅट नावाचे अंकरूप ध्वनी नोंदवणारे फितीचे यंत्र काढले, तेव्हा अमेरिकेतल्या सीबीएस रेकॉर्ड्स या कंपनीने एक उपाय पुढे केला. त्याचे नाव कॉपीकोड. उपाय असा की, तबकडी तयार करतानाच गाण्यातून ३,८४० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनीचा एक पातळ पट्टा कापून टाकायचा. नक्कल करणाऱ्या यंत्रात एक चिप बसवायची. तिला तो पट्टा रिकामा सापडला की यंत्राने मुद्रण थांबवायचे. ही चिप सक्तीची करावी असे विधेयकही तिकडच्या काँग्रेसपुढे आले. हा पट्टा पियानोच्या अगदी वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडतो, तेव्हा कुठलाच सूर कापला जात नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. पण सूर काय फक्त पियानोच्या पट्ट्यांवरच असतात? तंबोऱ्याची जवारी, सतारीची झणक, गाणाऱ्याच्या तोंडातला ‘स’ आणि ‘श’ यांचा संसार नेमका याच उंचीवर चालतो. शिवाय माणसाचा कान दोन हजार ते पाच हजार हर्ट्झ या पट्ट्यातच सर्वांत तीक्ष्ण असतो. चाव्याखाली धरलेल्या बोलांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

सुदैवाने तिकडच्या सरकारने हे प्रकरण आपल्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे तपासणीस दिले. मार्च १९८८ मध्ये संस्थेने निकाल दिला, आणि त्यात तीन गोष्टी सांगितल्या. एक, हे कुलूप आपले काम धड करीत नाही. कुठे लावलेले असूनही उघडे राहते, तर कुठे लावलेले नसतानाही यंत्र बंद पाडते. दोन, गाण्याची प्रत कानाला कळेल इतकी खालावते. तीन, ते सहज चुकवता येते. कॉपीकोड तिथेच मेले. मला हा निकाल सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा वाटतो, कारण त्यानंतर जी जी कुलपे आली त्यांच्यावरही यातले एखादे तरी वाक्य चिकटवता येते.

१९९२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि डॅटसारख्या घरगुती यंत्रांत निराळी कळ बसवली गेली: मूळ तबकडीची नक्कल करा, पण नकलेची नक्कल करू नका. त्याच साली सोनीची मिनीडिस्क आली. लहानशी, खिशात मावणारी, मायक्रोफोन जोडून कोठेही ध्वनिमुद्रण करता येणारी. आता आमच्या डोंगरातली एक गोष्ट सांगतो म्हणजे या कळीचा अर्थ ध्यानात येईल.

जव्हार-मोखाड्याकडे भात पिकू लागले की तारपा वाजू लागतो. दुधी भोपळ्याचा पोकळ तुंबा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढाच त्याचा संसार. वाजवणारा गालात वारा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर क्षणभरही तुटत नाही. त्याच्याभोवती बायामाणसांचा फेर सर्पासारखा फिरत राहतो आणि चाल बदलली की पावलेही बदलतात. आमच्याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना या वाद्यासाठी संगीत नाटक अकादमीचा २०२२ सालचा पुरस्कार मिळाला, आणि २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. या वाद्याची विद्या पुस्तकात नाही. बापाच्या मागे बसून पोर शिकते. चाल ऐकली, बोटांत आली, की ती त्याची झाली. इथे चिजेला कोणी कुलूप लावीत नाही.

आता समजा, शतकाच्या आरंभी कोणी अभ्यासक मिनीडिस्क घेऊन या फेरात आला आणि त्याने रात्रभर तारपा मुद्रित केला. वाजवणाऱ्याची संमती आहे, यंत्र त्याच्या मालकीचे आहे, आणि कुठल्या कंपनीचा यात कवडीचा संबंध नाही. तरीही ते मुद्रण अंकरूपाने संगणकात उतरवणे त्याला सहजासहजी शक्य नव्हते. २००१ साली संगणकाला जोडता येणारी मिनीडिस्क निघाली, पण तिच्यात गाणी आत जात, बाहेर येत नसत. आपलेच मुद्रण काढायचे तर ते वाजवून, कानयंत्राच्या भोकातून तार काढून, पुन्हा नव्याने मुद्रित करायचे. म्हणजे निसर्गाने उचललेली ती जुनी घट पुन्हा पदरात घ्यायची. जुन्या मिनीडिस्का सरळ संगणकात उतरवू देणारे यंत्र निघाले ते २००६ साली, या वस्तूचे दिवस भरत आले तेव्हा. कुलूप बनवणाऱ्याच्या मनात चोर एवढा एकच माणूस होता. स्वतःच्या आजोबाचा आवाज जपणारा नातू त्याच्या हिशेबातच नव्हता.

मधल्या काळात सीडीवरही प्रयोग झाले. सीडीला जन्मतः कुलूप नव्हते. २००१ च्या सुमारास काही कंपन्यांनी तबकडीवर मुद्दाम चुकीचे आकडे पेरण्याची युक्ती काढली. हेतू असा की, संगणक त्या चुकांनी गोंधळून नक्कल सोडून देईल, पण साधे सीडीयंत्र चुका सावरून गाणे चालू ठेवील. आता सीडीयंत्र चुका सावरते म्हणजे काय करते? हरवलेल्या आकड्याच्या अलीकडचा व पलीकडचा आकडा पाहून मधला अंदाजाने भरते. ही सोय ठेवलेली होती ती तबकडीवर ओरखडा पडला तर उपयोगी पडावी म्हणून. अडीअडचणीसाठी ठेवलेली शिदोरी कंपनीनेच आधी संपवली. मग खरा ओरखडा पडला की गाणे अडखळू लागे. सीडीची जन्मदाती फिलिप्स कंपनी यावर इतकी नाराज झाली की, अशा तबकड्यांवर सीडीचे अधिकृत चिन्ह छापू नये असे तिने बजावले. दुसऱ्या एका जातीचे कुलूप तर २००२ साली साध्या फेल्ट पेनने तबकडीच्या कडेला रेघ ओढून निकामी करता आले. २००५ साली सोनी बीएमजीच्या काही सीडींनी गिऱ्हाइकाच्या संगणकात न सांगता लपून बसणारा प्रोग्राम घातल्याचे उघडकीस आले, आणि त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या.

आता घरातल्या होम थिएटरकडे येतो. डीव्हीडीबरोबर पडद्याभोवती पाच कर्णे आणि खर्जासाठी एक सबवूफर मांडण्याची पद्धत मध्यमवर्गीय घरांत शिरली. डीव्हीडीतला आवाज जागेअभावी आवळून बसवलेला असे. म्हणून खास संगीतासाठी दोन नव्या तबकड्या निघाल्या. १९९९ साली एसएसीडी, आणि २००० साली डीव्हीडी-ऑडिओ. दुसरीला उशीर झाला तोही कुलपापायी. १९९९ साली नॉर्वेतल्या योन लेक योहान्सेन या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून चित्रपटांच्या डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्राम बाहेर पडला, आणि मग संगीताच्या तबकडीसाठी नवे, अधिक घट्ट कुलूप घडवावे लागले. त्या मुलावर खटला चालला. २००३ साली तो दोनदा निर्दोष ठरला.

डीव्हीडी-ऑडिओत सहाही वाहिन्यांवर दर सेकंदाला ९६,००० मोजमापे, आणि २४ बिटांच्या मोजपट्टीवर दीड कोटीहून अधिक रेघा, असा थाट होता. परंतु हा सूर डिजिटल तारेतून बाहेर सोडायचा नाही, असा दंडक घालण्यात आला. सोडलाच तर ४८,००० मोजमापे आणि १६ बिट एवढा छाटून. एसएसीडीचा उच्च प्रतीचा सूर तर त्या जुन्या डिजिटल तारेतून मुळीच बाहेर पडत नसे. पूर्ण प्रतीचा सूर हवा असेल तर यंत्राच्या पाठीमागून सहा जुन्या पद्धतीच्या तारा ओढायच्या. त्यात मेख अशी की, कोणता कर्णा ऐकणाऱ्यापासून किती दूर आहे त्याप्रमाणे आवाज मागेपुढे करणे, खर्ज वेगळा काढून सबवूफरकडे पाठवणे, ही कामे अॅम्प्लिफायर करतो ती आकड्यांवर. सहा तारांनी आलेल्या सुरावर बहुतेक अॅम्प्लिफायर ही कामे करीतच नसत. जे करीत, ते आलेला सूर पुन्हा एकदा आकड्यांत मोडून. म्हणजे एकतर छाटलेला सूर घ्या, नाहीतर अस्ताव्यस्त घ्या.

माझे एक स्नेही नाशिकला सातपूरच्या कारखान्यात नोकरीस होते. गाण्याचे वेडे. २००६ साली बोनसच्या पैशातून त्यांनी असे यंत्र आणि दोन-तीन परदेशी तबकड्या आणल्या. मी त्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा स्वारी यंत्रापुढे मांडी घालून चिंतेत बसलेली. तबकडीच्या वेष्टनावर ९६ चा आकडा, आणि अॅम्प्लिफायरच्या चिमुकल्या खिडकीत ४८ चा. मला म्हणाले, “गुरुजी, निम्मा माल कुठे गळतो हेच समजत नाही.” दुकानदाराने सांगितले, “साहेब, केबल बदलून पाहा.” त्यांनी ती तीन वेळा बदलली, दर वेळी आधीपेक्षा महाग. शेवटी माहितीपुस्तकाच्या मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा सापडला: संरक्षित तबकडीचा आवाज एवढ्याच प्रतीत बाहेर येईल. वहिनी चहा घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, “म्हणजे दोष केबलचा नव्हता, पैसे देऊन घेतली हाच दोष.” विनोदाने म्हटले, पण अक्षरशः खरे होते. कारण त्याच सुमारास, २००५ च्या आसपास, या तबकडीचे कुलूप संगणकावर चुकवण्याची युक्ती निघाली होती. ज्याने चोरून उतरवून घेतले त्याला पूर्ण ९६ मिळत होते, आणि आमच्या स्नेह्यांना छाटलेले ४८.

पुढे एचडीएमआय ही एकाच तारेतून चित्र आणि ध्वनी नेणारी पद्धत आली. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ ची. तिने डीव्हीडी-ऑडिओचा सूर घेतला २००४ साली आणि एसएसीडीचा २००५ साली. वाट मोकळी झाली, पण वाटेवर नाका बसला. इंटेल कंपनीने रचलेल्या एचडीसीपी नावाच्या कुलपात दोन यंत्रे एकमेकांना ओळख विचारतात. पटली तरच माल पुढे जातो. एखाद्या जुन्या प्रोजेक्टरकडे किंवा पडद्याकडे ती ओळख नसली की पडदा काळा आणि कर्णे मुके. २००६ साली ब्ल्यू-रे आली, तिच्यातला मूळ प्रतीचा आवाजही याच वाटेने जायचा. जुन्या ऑप्टिकल तारेतून त्याची आवळलेली आवृत्ती मिळे. त्या तारेची ताकदही बेताची होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण संगणकावर ब्ल्यू-रे लावणाऱ्याला ती सबब नव्हती. तिथे ताकद भरपूर असूनही, संरक्षित वाट असलेले खास साउंड कार्ड बसवले नाही तर आवाज ४८,००० आणि १६ बिटांवर उतरवला जाई. असे कार्ड बाजारात यायला २००८ साल उजाडले. आणि २०१० साली एचडीसीपीची मूळ किल्लीच फुटून जगभर पसरली. ती खरी असल्याचे इंटेलनेही मान्य केले. नाका मात्र अजून तसाच आहे, आणि अजूनही तो सरळ रस्त्याने जाणाऱ्यालाच अडवतो.

यावर जाणकार वाचक दोन आक्षेप घेतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप कानाचा. ९६ आणि ४८ यांतला फरक कोणाला ऐकू तरी येतो काय? अमेरिकेतल्या मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली आपल्या चाचण्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी उच्च प्रतीच्या तबकडीचा सूर मध्येच सीडीच्या मापाचा करून ऐकवला, आणि ऐकणाऱ्यांना सर्वसाधारण पातळीवर तो ओळखता आला नाही. नाणे उडवून सांगावे तितकीच उत्तरे बरोबर आली. हे मी मान्य करतो. परंतु कापलेला पट्टा, पेरलेल्या चुका, सहा तारांतला विस्कटलेला खर्ज आणि काळा पडलेला पडदा हे आकड्यांचे सूक्ष्म फरक नव्हेत, ते सामान्य कानाडोळ्यांना जाणवतात. आणि शेराचे पैसे घेऊन अच्छेर देणाऱ्या वाण्याने, “तेवढ्याने पोट भरतेच की,” असे म्हटले तर ते आपण चालवून घेऊ काय?

दुसरा आक्षेप कलावंताच्या पोटाचा. कुलूप नसेल तर गाणाऱ्याने खावे काय? मी स्वतः लिहून चार पैसे मिळवतो, म्हणून हा प्रश्न मला परका नाही. पण इतिहास काय सांगतो ते पाहा. २००७ साली ईएमआय कंपनीने ॲपलच्या दुकानात कुलूप नसलेली गाणी ठेवली. ती जुन्या कुलूपबंद गाण्यांच्या दुप्पट आकडे बाळगणारी, म्हणून अधिक स्वच्छ, आणि किमतीने थोडी जास्त होती. लोकांनी ती घेतली. २००९ साली त्या दुकानातल्या साऱ्याच गाण्यांची कुलपे काढण्यात आली, आणि दुकान काही बुडाले नाही. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांना त्यांच्या स्वामित्वधनाचा वाटा लिहून देऊनही गमावता येणार नाही, अशी तरतूद त्यात झाली. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तरांनी पुष्कळ झुंज दिली. कलावंताचे पोट भरले तर ते अशा कलमांनी भरेल. त्याच दुरुस्तीत कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षाही आली. पण आपल्या कायदेकर्त्यांनी एक शहाणपण दाखवले. ज्या कामास कायद्याने मनाई नाही, त्यासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नव्हे, असेही त्यांनी लिहून ठेवले. अडचण एवढीच की, कायद्याने परवानगी दिली तरी किल्ली कोणी देत नाही.

आज तबकड्या अडगळीत गेल्या आहेत, आणि गाणे मासिक भाड्याने मिळते. पण कुलूप गेलेले नाही. ते फोनच्या पोटात जाऊन बसले आहे. आमच्या पाड्यावरच्या स्वस्त फोनला वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र नसले तर काही चित्रपटसेवा त्यावर पुसट चित्रच धाडतात, मग भाडे पूर्ण भरलेले असो. भाडे थकले की गाणेच नाहीसे होते.

शेवटी केसरबाई केरकरांची (१८९२–१९७७) आठवण केल्याशिवाय राहवत नाही. अल्लादिया खांसाहेबांच्या या शिष्येने गुरूची विद्या कडेकोट जपली. त्यांचे मुद्रित गाणे थोडकेच. शिकवले तेही मोजके. पण १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली, त्यांवर पृथ्वीवरच्या ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्यांतले दुसरे यान निघाले त्याच सप्टेंबरात बाईंनी देह ठेवला. त्या तबकडीबरोबर सुईसुद्धा ठेवलेली आहे, आणि वेष्टनावर ती कशी व किती वेगाने वाजवावी हे चित्रांनी कोरलेले आहे. कोणाच्या हाती पडेल ते ठाऊक नाही, त्याची भाषा ठाऊक नाही, म्हणून माणसाने किल्ली कुलपावरच बांधून दिली. इतक्या जपलेल्या घराण्याचे गाणे जगातल्या सर्वांत मोकळ्या तबकडीवर जावे, हा योग मोठा बोलका आहे.

हे सारे मी जामसरला बसून लिहितो याला कारण आहे. आमच्या भागात आता आवाज उतरवून नेणारे पुष्कळ येतात. विद्यापीठांचे येतात, चित्रपटवाले येतात, हौशी येतात. तारपा, लग्नातल्या धवलेरींची गाणी, बोहाड्याची सोंगे, सगळे नेले जाते, आणि त्यांनी न्यावे. माझी विनंती एवढीच, की जाण्यापूर्वी प्रत्येकाने मूळ प्रतीची, न छाटलेली आणि कुलूप नसलेली एक प्रत गावाच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि वाजवणाऱ्याचे नाव व तारीख तिच्यावर लिहावी. गावकऱ्यांनीही ती हक्काने मागावी. भोपळ्याचा तारपा चार पावसाळ्यांत कुजतो. वाजवणाराही कायमचा नसतो. उद्या त्याच्या नातवाला ती चाल शिकावीशी वाटली, तर एकेक सूर स्वच्छ ऐकू आला पाहिजे, आणि तो ऐकण्यासाठी त्याला कोणाकडे किल्ली मागायला जावे लागू नये.